एक नाव, दोन झाडं: तालीसपत्राच्या पोत्यात आलेलं थुनेर

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका लहान आयुर्वेदिक औषधशाळेतलं आहे. तिथे कच्च्या मालाची तपासणी माझ्याकडे असते. जागा, माणसं आणि काही आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम तोच आहे.

पार्श्वभूमी

औषधशाळा तिसऱ्या पिढीत आहे, माणसं चौदा. आधीच्या पिढीतले वैद्य, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ऐंशी ओलांडूनही रोज सकाळी तासभर येऊन बसतात आणि पिंपळी दाताखाली धरून माल कसा आहे ते सांगतात. कारभार त्यांच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या मालकांकडे.

थंडीच्या तोंडावर आमचं तालीसादी हे खोकल्यावरचं चूर्ण सर्वांत जास्त खपतं. माप शार्ङ्गधरसंहितेतलं: तालीसपत्र एक भाग, मिरी दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, वेलदोडा आणि दालचिनी अर्धा-अर्धा, खडीसाखर बत्तीस. बेरीज अठ्ठेचाळीस. म्हणजे ज्याच्या नावाने चूर्ण ओळखलं जातं, ते त्यात जेमतेम दोन टक्के. हा हिशोब पुढे लागणार आहे.

तालीसपत्र हिमालयातून येतं. झाड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या खरेदीच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं एवढंच लिहिलेलं असायचं: तालीसपत्र, ४० किलो. त्या वर्षी नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता, म्हणून दुसऱ्याकडून घेतला. भाव पाचवा हिस्सा कमी होता. दोन पोती आली. पहिलं उघडून नव्या मुलाने नमुना पाहिला, तक्त्यावर रंग, वास, चव या तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि माल आत घेतला. त्या आठवड्यात मी रजेवर होते.

अडचण

दुसरं पोतं मी उघडलं. हात घातला आणि बोटाला टोचलं.

एवढ्यावरून कुणी धंदा थांबवत नाही. पण तालीसपत्राच्या पोत्यात हात घातला की आधी वास येतो, राळेचा आणि किंचित लिंबाच्या सालीसारखा. इथे वाळल्या गवताचा वास होता. मूठभर पानं पांढऱ्या कागदावर पसरली. खरं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फर या सूचिपर्णी झाडाचं (शास्त्रीय नाव ॲबिस वेबियाना) सुईसारखं चपटं पान. त्याचं टोक बारीक खाचेचं असतं, जणू कुणी नखाने चिमटा काढलाय. पाठीवर दोन पांढरे पट्टे असतात. पान फांदीवरून निघालं की मागे गोल टिकलीसारखा वण राहतो. माझ्यासमोरच्या पानांची टोकं अणकुचीदार होती, पट्टे फिकट पिवळसर-हिरवे, आणि पानाचा बुडखा वण न सोडता फांदीवरून खाली उतरत गेलेला. तळाशी एक सुकलेली बीही सापडली. तिच्याभोवती सुरकुतलेला, काळपट लाल कप होता.

चार पानं गरम पाण्यात भिजत घातली. मऊ झाल्यावर गाजराच्या तुकड्यात खोचून ब्लेडने आडवे काप घेतले. फरच्या पानाच्या आडव्या कापात दोन्ही कडांजवळ राळेची एकेक नळी दिसते, दोन गोल डोळ्यांसारखी. माझ्या कापात एकही नळी नव्हती. दहा काप घेतले. दहाव्यातही नव्हती.

राळेच्या नळ्या नसलेलं, चपट्या टोकदार पानांचं आणि लाल कपात बी धरणारं हिमालयातलं झाड एकच: थुनेर. हिमाचलात त्याला रखाल म्हणतात, व्यापारात बिरमी. इंग्रजीत यू, शास्त्रीय नाव टॅक्सस. त्या लाल कपाचा गर सोडला तर पान, साल आणि बी सगळंच विषारी. त्यातली टॅक्सीन नावाची अल्कलॉइड्स हृदयाच्या पेशींतल्या सोडियम-कॅल्शियमच्या वाटा अडवतात, ठोके बिघडतात आणि माणूस किंवा जनावर दगावतं. यावर उतारा नाही.

नोंदवही उघडली तेव्हा कळलं की पहिल्या पोत्यातलं दोन किलो तालीसादीच्या ९६ किलोच्या घाण्यात गेलंय. शंभर ग्रॅमच्या साधारण सहाशे बाटल्या बाहेर पडल्या होत्या.

हे झाड कोण

मालकांना हे समजावताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून इथेही जरा थांबते.

युरोपात यूच्या झाडाभोवती जेवढ्या गोष्टी आहेत तेवढ्या आपल्याकडे बहुतेक वडाभोवतीच असतील. इंग्लंड-वेल्समधल्या कित्येक जुन्या चर्चच्या आवारात, थडग्यांमध्ये, हे झाड उभं असतं आणि काही ठिकाणी ते चर्चपेक्षाही जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगॉल गावच्या यूचं वय दोन-तीन हजार वर्षं धरतात, काही जण पाच हजारांपर्यंत जातात. वाद मिटणार नाही, कारण म्हातारं यू आतून पोकळ होतं आणि मोजायला वलयंच उरत नाहीत. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फॉर्टिंगॉलचं झाड नर, तरी २०१५ साली त्याच्या एका फांदीला लाल फळं दिसली.

लाकूड लवचीक आणि चिवट. इंग्लंडमध्ये क्लॅक्टनला १९११ साली सापडलेलं भाल्याचं टोक यूचं आहे, वय सुमारे चार लाख वर्षं. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाजवळचं अर्धवट घडवलेलं धनुष्य यूचं, आणि त्याच्या कुऱ्हाडीचा दांडाही. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोज या इंग्रजी युद्धनौकेतून शंभराहून अधिक लांब धनुष्यं निघाली, तीही यूचीच. विषाची कीर्तीही तितकीच जुनी. कॅटुव्होल्कस नावाच्या राजाने यूने स्वतःला संपवल्याचं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय. मालकांनी विचारलं, "कुणी मेलंय का यानं?" तेव्हा मी सीझरपर्यंत न जाता एवढंच सांगितलं, की कुंपणाच्या यूची छाटणी गोठ्याशेजारी टाकली म्हणून घोडी आणि गुरं मेल्याच्या नोंदी तिकडे आजही होतात, आणि वाळलेल्या पानातही विष टिकतं.

हिमालयातलं थुनेर याचंच भावंड. मध्य आणि पूर्व हिमालयात टॅक्सस वॉलिचियाना, पश्चिमेकडे टॅक्सस कॉन्टॉर्टा. जुन्या पुस्तकांत दोन्ही टॅक्सस बकाटा या युरोपीय नावाखालीच नोंदलेली आढळतात. साधारण दोन ते तीन हजार मीटरवर बांज (तिकडचा ओक), बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि फर यांच्या सावलीत ते अतिशय हळू वाढतं. बी रुजायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. गढवालचे भोटिया लोक याच्या सालीचा चहा करत आले आहेत. लाकूड धुपासाठी जाळतात. आणि थुनेर हा शब्द संस्कृतातल्या 'स्थौणेयक'वरून आला असं अनेक अभ्यासक मानतात. सुश्रुताच्या एलादी गणात स्थौणेयक आहे, सुगंधी द्रव्यांच्या रांगेत. तालीसपत्र हे त्याहून निराळं द्रव्य. म्हणजे जुन्यांनी दोन नावं दिली होती. बाजारात ती एक झाली.

ती कशी झाली याला बरीच कारणं आहेत. बंगालात वैद्य टॅक्ससच्याच पानांना तालीसपत्र म्हणत आले, दक्षिणेत त्याच नावाने एका वेगळ्याच झाडाची पानं विकली जातात, आणि काश्मीरकडे एका छोट्या बुरांसाची. पण थुनेरची पानं मंडीत एवढी सहज मिळू लागण्यामागे एक नवं कारणही आहे. १९६२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून आर्थर बार्क्ले या वनस्पतितज्ज्ञाने पॅसिफिक यूची साल गोळा केली. तिच्यातून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी टॅक्सॉल वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. (हे सांगितल्यावर मालक पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.) १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी ते कर्करोगाच्या पेशींचं विभाजन कसं अडवतं ते दाखवलं आणि १९९२ च्या अखेरीस अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एक किलो टॅक्सॉलला ढोबळ मानाने दहा हजार किलो साल लागायची. साल काढली की झाड मरतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञ पानांतल्या द्रव्यापासून औषध बनवायला शिकले, आणि मग जगभर यूच्या पानांना भाव आला. हिमालयात ओरबाडणी झाली. हिमालयातल्या दोन्ही जाती आता संकटग्रस्त यादीत आहेत. वॉलिचियानाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित आहे, कॉन्टॉर्टाचा २००५ पासून.

पानं तोडणारे हात आणि माल वाहून नेणारी साखळी एकदा उभी राहिली की माल कुठे ना कुठे जातोच. आमच्या पोत्यात तो असाच आला असणार, असा माझा अंदाज. सिद्ध करता येणार नाही.

पर्याय

त्या संध्याकाळी मी, मालक आणि आबा बसलो.

आबांचं पहिलं वाक्य: "पोरी, तू म्हणतेस ते झाड बंगालचे वैद्य वापरतात. मी स्वतः पाहिलंय. मेले का त्यांचे रोगी?" हे उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी हिशोब मांडला. तालीसादीच्या पाच ग्रॅमच्या मात्रेत पान येतं जेमतेम शंभर मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला जीवघेणी ठरू शकणारी मात्रा साधारण ५० ते १०० ग्रॅम पानं अशी सांगतात. आकडा ढोबळ आहे, झाडागणिक आणि ऋतूगणिक विष कमीजास्त होतं, पण अंतर पाचशे पटींचं. मालक म्हणाले, "मग मॅडम, बिघडलं काय? उरलेलं परत पाठवू, पुढचा घाणा नीट करू. गेलेलं गेलं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते पटत होतं. दिवाळीला बारा दिवस होते. सहाशे बाटल्या परत मागवायच्या म्हणजे पंचवीस दुकानदारांना आपल्या तोंडाने सांगायचं, की आम्हाला झाड ओळखता आलं नाही. विरुद्ध बाजूला होतं ते असं: औषधिकोशात तालीस म्हणजे ॲबिस वेबियाना, आमच्या लेबलवरही तेच छापलेलं, म्हणजे बाटलीत जे आहे ते लेबलवर नाही. चूर्ण दिवसातून तीनदा, कित्येक दिवस घेतलं जातं. घेणाऱ्यांत लहान मुलं असतात, हृदयाचे रोगी असतात. पण हे सगळं 'असू शकेल' या जातीचं होतं आणि 'असू शकेल'च्या जोरावर माल परत मागवायला मालक तयार नव्हते.

निर्णय फिरला तो नोंदवहीच्या एका ओळीमुळे. पहिल्या पोत्यातून दोन किलो घाण्यात गेलं हे मी पाहिलं होतं. त्याच्याच खाली, वेगळ्या शाईत, आणखी तीन किलो दळून सुटं तालीसपत्र चूर्ण म्हणून तीन वैद्यांना प्रत्येकी एक किलो दिल्याची नोंद होती. सुट्या चूर्णाची मात्रा दोन ते तीन ग्रॅम, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला नऊ ग्रॅमपर्यंत निखळ पान. मघाचं पाचशे पटींचं अंतर इथे पाच-दहा पटींवर आलं. आणि मात्रा लहान मुलाची असली, तर त्या मुलासाठी किती, याचा भरवशाचा आकडा माझ्याकडे नव्हता.

आबांनी वही स्वतःकडे ओढली, चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली आणि मुलाला म्हणाले, "फोन लाव. तिघांनाही. आत्ता."

काय केलं

सुटं चूर्ण त्याच रात्री थांबवलं. दोन वैद्यांची पाकिटं उघडलेलीच नव्हती. तिसऱ्यांनी सुमारे दोनशे ग्रॅम वापरलं होतं, बरंचसं मुलांना मधातून. त्यांनी आपली वही काढून अकरा घरी स्वतः फोन केले. कुणाचीही तक्रार नव्हती. एका आईने सांगितलं की मुलाने चव घेऊन थुंकून टाकलं, म्हणून तिने पुडी फेकून दिली होती.

बाटल्यांचं ठरवायला आणखी दोन दिवस गेले. मालकांना बाहेरच्या प्रयोगशाळेचा कागद हवा होता. तो आला: आडवा काप आणि एचपीटीएलसी (घटक वेगळे करून ओळखण्याची रासायनिक चाचणी), दोन्हींत टॅक्सस. मग दुकानदारांना पत्र गेलं. शब्दांवर दीड तास वाद झाला. मालकांना 'गुणवत्तेच्या कारणास्तव' हवं होतं. मला 'तालीसपत्राऐवजी थुनेरची पानं आल्याचे आढळले' असं स्वच्छ हवं होतं. शेवटी दोन्ही गेलं: पहिल्या ओळीत त्यांचं, चौथ्या ओळीत माझं. दुकानदारांपैकी चौथी ओळ किती जणांनी वाचली, मला शंका आहे.

पोत्यांचं काय करायचं यावर मात्र आम्ही पुरेसा विचार केलाच नाही. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, अस्सल पहाडी माल आहे, सगळे हाच घेतात." वनखात्याचा वाहतूक परवाना मागितला तर म्हणाला पाठवतो, आणि पाठवला नाही. पैसे परत द्यायला मात्र लगेच तयार झाला. आम्ही दोन्ही पोती शिवून त्याच्या गाडीत भरली आणि हुश्श केलं.

निष्पत्ती

सहाशेपैकी सुमारे साडेचारशे बाटल्या परत आल्या. त्या आणि शिल्लक घाणा असं सगळं नष्ट केलं. तालीसादी जवळजवळ चार महिने बनलं नाही आणि थंडीचा हंगाम गेला. दोन दुकानदारांनी दुसऱ्या औषधशाळेचं चूर्ण ठेवायला सुरुवात केली, त्यातला एक अजून परतलेला नाही.

खरेदीच्या चिठ्ठीवर आता शास्त्रीय नाव, कोणता भाग आणि कोणत्या प्रदेशातला हे लिहिलं जातं. परवान्याची प्रत नसेल तर पोतं दारातच थांबतं. तालीसपत्राला नवा पुरवठादार मिळाला, भाव जवळजवळ दुप्पट. तिथेही मन निर्धास्त नाही, कारण खऱ्या तालीसपत्राचं फरही हिमालयात आता भरभराटीत नाही, संकटाच्या जवळ पोहोचलेल्या जातींत त्याची गणना होते. आम्ही वर्षाला चाळीस किलो घेतो. ते थेंबाएवढं आहे असं मालक म्हणतात आणि ते खरंही आहे.

फेब्रुवारीत एका ओळखीच्या वैद्यांचा फोन आला. त्यांनी सुटं तालीसपत्र घेतलं होतं, वास येत नव्हता म्हणून फोटो पाठवला. टोकदार पानं, पिवळसर पट्टे. पोत्याचा फोटो मागितला. शिवणीला आमच्याच गोदामातली निळी सुतळी होती.

काय वेगळं करता आलं असतं

ती पोती परत द्यायला नको होती. पैसे बुडाले असते, पण पंचनामा करून, औषध प्रशासनाला लेखी कळवून, माल आमच्या ताब्यात असतानाच त्याची विल्हेवाट लावता आली असती. आम्ही आमच्या दारातलं विष उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवलं, वर त्याचे पैसेही घेतले.

दुसरं, सुट्या चूर्णाचा प्रश्न मला नोंदवहीत योगायोगाने सापडला. मी बाटल्यांचा हिशोब करत होते, कारण बाटल्या जास्त होत्या आणि पैसा त्यांत होता. पोत्यातून निघालेला प्रत्येक किलो कुठे गेला, हे आधी पाहायला हवं होतं. सगळ्यांत कमी मालात सगळ्यांत जास्त धोका होता.

प्रयोगशाळेच्या कागदासाठी गेलेले दोन दिवसही टाळता आले असते. दहा काप पुरेसे होते. तेव्हा मी ठाम राहिले नाही, कारण तपासणी माझ्या गैरहजेरीत चुकली असली तरी तो तक्ता माझाच होता. वास, रंग, चव असे तीन रकाने आखताना 'टोक' आणि 'बुडखा' हे रकाने मी ठेवले नव्हते. त्या मुलाने खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याने खरं तालीसपत्र आधी कधी हुंगलंच नव्हतं. आता तपासणीच्या टेबलावर खऱ्या तालीसपत्राची आणि थुनेरची अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि नव्या माणसाने पहिल्या दिवशी डोळे मिटून दोन्ही हुंगायच्या.

आबांशी अजून पूर्ण एकमत नाही. सुटं चूर्ण थांबवलं ते बरोबर, पण घाण्यातल्या दोन टक्क्यांनी काही झालं नसतं, असं ते म्हणतात. बहुतेक झालं नसतंही.

तो व्यापारी आमच्या यादीतून गेलेला नाही. तालीसपत्र त्याच्याकडून घेत नाही, पिंपळी घेतो. मालक म्हणतात, तेवढी चांगली पिंपळी दुसऱ्या कुणाकडे नसते. आबांनी परवाच दाताखाली धरून पाहिली आणि मान डोलावली.